व्हरांड्यातला नाका

“कोंबडीनं एस.टी. खाल्ली! अहो ओव्हरसिअर, तुमच्या डोळ्यांदेखत कोंबडीनं एस.टी. खाल्ली!”

साहेब ओरडत होते. लोणावळ्याच्या सरकारी विश्रामगृहाचा व्हरांडा, सकाळचं कोवळं ऊन, आणि पुण्याहून आलेले आमचे नवे इंजिनिअरसाहेब टाय लावून शहाबादी फरशीवर रांगत होते. एका हातात खडू, दुसऱ्यात पितळी चमचा. कोंबडी खानसाम्याची. तिनं गिळलेला वाटाणा म्हणजे पुण्याहून मुंबईला निघालेली भरलेली एस.टी. होती, कंडक्टरसकट. आणि एवढ्यावर तिचं भागलं नव्हतं. मान वाकडी करून ती आता हरभऱ्याकडे, म्हणजे ट्रककडे बघत होती.

मी तिला हुसकावलं. साहेबांनी डब्यातून दुसरा वाटाणा काढला, त्यावर फुंकर मारली, रिकाम्या फरशीवर ठेवला आणि चमचा तांब्यावर आपटला. टण्ण. व्हरांड्यातली वाहतूक पुन्हा सुरू झाली.

हे काय चाललं होतं ते सांगतो. सांगताना मी वाढवतो असा माझ्यावर जुना आरोप आहे, आणि तो करणाऱ्यांत माझी बायको पहिली. पण या गोष्टीत फारसं वाढवलेलं नाही. कोंबडी तर जशी होती तशीच आहे.

सत्तरच्या आसपासचे दिवस. मी रस्ते खात्यात ओव्हरसिअर होतो आणि माझ्या ताब्यात घाटमाथ्यापासून पुढचा काही मैलांचा रस्ता होता. मुंबई-पुणे रस्ता तेव्हा गावाला टाळून जात नसे. तो थेट आमच्या बाजारातून जाई, चिक्कीच्या दुकानांना खांदा घासत. बाजाराच्या पुण्याकडच्या टोकाला नाका होता. तिथून एक फाटा स्टेशनकडे वळे, आणि हंगामातल्या रविवारी त्या नाक्यावर जे काही होई त्याला कोंडी म्हणणं म्हणजे हत्तीला जनावर म्हणण्यासारखं. चिक्की घ्यायला उतरलेला माणूस चिक्की खाऊन, दात दुखवून, तो दात काढून घेऊन परत येई, तरी त्याची मोटार जागची हललेली नसे. एका मोटारीत मागच्या सीटवरच्या बाईंनी मुलाच्या मापाचा स्वेटर विणायला घेतला होता. नाका सुटेपर्यंत तो नवऱ्याला झाला. स्वेटर मी स्वतः पाहिलाय. निळा होता.

तर साहेबांना पाठवलं होतं ती कोंडी फोडायला. साहेब तरुण, हुशार, सरळ मनाचे. मुंबईत त्यांनी खोलीएवढं एक यंत्र पाहिलं होतं. त्याच्या पोटात म्हणे अख्ख्या शहराचे रस्ते घालता येतात. मग त्या रस्त्यांवर गाड्या सोडायच्या, आणि कुठला रस्ता एकेरी केला, कुठं वळण बंद केलं तर गर्दी कुठं साचेल आणि कुठं सुटेल, हे यंत्र सांगतं. खऱ्या रस्त्यावर एक पाटीसुद्धा हलवावी लागत नाही.

“आधी खोटा रस्ता तुंबवायचा,” साहेब म्हणाले, “म्हणजे खरा कसा मोकळा करायचा ते कळतं.”

“पण यंत्र?”

“यंत्र आपल्याला कोण देतंय? पद्धत तर आहे ना. तुमच्याकडे कडधान्य आहे?”

अशी आमच्या व्हरांड्यात वाहतूक आली. फरशीवर खडूनं नाका काढला, मुंबईची बाजू, पुण्याची बाजू आणि स्टेशनचा फाटा. एक फरशी म्हणजे दहा पावलं. मूग म्हणजे मोटार, वाटाणा एस.टी., हरभरा ट्रक, चवळी बैलगाडी आणि तीळ सायकलवाले. चमचा एकदा वाजला की मुगानं तीन फरश्या पुढं जायचं, हरभऱ्यानं आणि वाटाण्यानं दोन, चवळीनं एक. पुढची फरशी भरलेली असेल तर गपगुमान थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही. कुठली गाडी स्टेशनकडे वळणार ते यंत्र आपलं आपण ठरवतं म्हणे. आम्ही त्यासाठी माझ्या घरच्या कवड्या आणल्या. ज्या सहा कवड्यांवर आमच्या घरात तीन पिढ्या पट खेळल्या त्यांच्यावर आता सरकारी वाहतूक चालू लागली. चार किंवा जास्त उताण्या पडल्या की गाडी वळली, नाहीतर सरळ. पहिल्याच दिवशी मुंग्यांनी अकरा सायकलवाले उचलून नेले. साहेबांनी शांतपणे वहीत लिहिलं, ‘सायकली वगळल्या.’

आता गाड्या किती सोडायच्या ते कळायला खऱ्या नाक्यावर रविवारची मोजणी हवी. खंडाळ्याच्या बाजूनं येणाऱ्या मी मोजल्या. पुण्याच्या बाजूला मोरीच्या कठड्यावर आमचे आबा बसले. आबा मैलकुली होते, म्हणजे आपल्या वाट्याच्या मैलाचे खड्डे बुजवणारे, गटारं मोकळी करणारे. डोंगराकडच्या वाडीतले, सत्तरी गाठलेले, आणि शब्द खर्च करायचा म्हटलं की जिवावर येणारे. त्यांना मी छापील कागद दिला, त्यावर मोटार, ट्रक, एस.टी., बैलगाडी अशी चित्रं काढून रकाने आखले आणि म्हणालो, “आबा, जे जे वाहन जाईल त्याच्या चित्राखाली एक रेघ.”

“व्हय,” आबा म्हणाले.

रेघा आल्या. आम्ही तेवढे दाणे सोडले. आणि झालं असं की व्हरांड्यातला नाका तुंबेना. सगळं सुरळीत. मूग हरभऱ्यामागून अदबीनं चाललेत, वाटाणे वळतायत. दोन दिवस साहेब चमचा वाजवत होते आणि एकाही मुगाला ताटकळावं लागलं नाही. इकडे बाहेर खरा नाका तसाच, स्वेटर वाढतायत.

शुक्रवारी दुपारी साहेब गुडघे झटकत उठले. “ओव्हरसिअर, रस्त्यावर असं काहीतरी आहे जे आपल्या फरशीवर नाही.”

“काय असेल?”

आम्ही दोघं नाक्यावर गेलो. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि त्यांची नजर कोपऱ्यावर थांबली. तिथं मावशींची चहाची टपरी होती.

मावशी विधवा. नवरा गेल्यापासून त्या चार पत्र्यांखाली तिनं दोन मुली वाढवल्या, एकीचा निकाह लावला, आणि धाकटी शाळेत होती. ईदला अख्ख्या नाक्याला शिरखुर्मा तिच्याकडचा. चहा असा की एका कपावर माणूस खंडाळ्यापर्यंत उतरून परत चढून येईल. कोंडी झाली की मावशी तारेच्या खणात सहा ग्लास अडकवून मोटारींच्या रांगेतून फिरे आणि खिडकीखिडकीतून चहा देई. टपरीचा ओटा रस्त्यात तीन फूट आलेला होता, हे खरं. मला ते आठ वर्षं माहीत होतं आणि आठ वर्षं मी त्याच ओट्यावर बसत होतो.

“ही आपल्या मॉडेलात नव्हती,” साहेब म्हणाले. “हीच. सोमवारी जीप पुण्याला जाते, तिच्यासोबत अहवाल जाईल. तुम्ही खूण करून ठेवा.”

नोकरी ही नोकरी. मी गेरूचा डबा आणला आणि टपरीच्या फळीवर फुली मारली. मावशी चहा गाळत होती. तिनं गाळणं खाली ठेवलं.

“भाऊ, हे काय?”

“काही नाही मावशी. गेरू कसा बसतो ते बघत होतो.”

“मला लिवता-वाचता येत न्हाई,” मावशी म्हणाली. “फुली कळती.” आणि तिनं मला नेहमीसारखा चहा दिला. साखर नेहमीपेक्षा जास्त होती. त्या चहानं मला जेवढं दुखलं तेवढं चिक्कीनंही कुणाचा दात दुखला नसेल.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी व्हरांड्यात डबे आवरत होतो. मुगाचा डबा अर्धा. वाटाण्याचा अर्धा, त्यात कोंबडीचा वाटा. हरभऱ्याचा तळाला गेलेला. चवळीचा डबा मात्र काठोकाठ भरलेला, वरचा दाणासुद्धा हललेला नव्हता. मी आबांचे कागद काढले. बैलगाडीच्या चित्राखाली एक रेघ नाही.

हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं, याबद्दल मी स्वतःला माफ करत नाही. पण त्या गाड्या मी रोज बघत होतो. दिवाळी झाली की गवताचा हंगाम. पुण्याकडच्या वाड्यांवरून डोंगराएवढं गवत रचलेल्या गाड्या स्टेशनच्या मालधक्क्याकडे येत. पुढून बघितलं तर बैल दिसत नसत, नुसती गंजीच चालत येतेय असं वाटे. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे त्या कागदावरही असणारच, असं मी धरून चाललो होतो.

आबांना गाठलं. ते मोरीवर बिडी ओढत होते.

“आबा, गवताच्या गाड्या किती मोजल्या?”

“एक बी न्हाई.”

“का?”

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळा. “त्या आपल्याच की.”

“म्हणजे?”

“परक्याची वाहनं मोजली. मोटारी, टरक. आपल्या मान्साला, जुपलेल्या बैलाला मोजत्यात व्हय? मोजलं की काय तरी कमी व्हतंय. माझ्या बानं एकदा मोजली व्हती बैलं. सहाची पाच झाली.”

सरकारी कागद एकीकडे आणि आबांच्या बापाचा सहावा बैल एकीकडे. मी बाजूला बसलो, एक बिडी मागून घेतली. मग विचारलं, “आबा, चवळी मोजली तर चालते?”

आबांनी जरा विचार केला. “चवळीला काय व्हतंय?”

“मग उद्या असं करा. गाडी गेली की या गाडग्यात चवळीचा एक दाणा टाका. गाडी मोजायची नाही, बैल मोजायचा नाही. नुसता दाणा टाकायचा. चवळी मी मोजतो.”

“आन् काय कमी झालं तर?”

“तर माझी चवळी कमी होईल.”

“मग चालंल,” आबा म्हणाले.

रविवारी दुपारपर्यंत आबा दाणे टाकत राहिले. गाडगं आणलं तेव्हा मला वाटलं यांनी गावजेवण काढलंय. मी ते गाडगं आणि आबा, दोघांनाही घेऊन व्हरांड्यात गेलो. साहेब अहवालाची शेवटची ओळ लिहीत होते. चवळीची हकीकत त्यांनी ऐकून घेतली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “म्हणजे सगळ्यात हळू चालणारं वाहनच आपण सोडलं नव्हतं.”

टाय सोडून खिशात घातला आणि पुन्हा फरशीवर बसले. चमचा वाजला. या वेळी चवळ्या निघाल्या, एका टोल्याला एक फरशी, आणि त्यांच्यामागं मूग थांबू लागले. गर्दी झाली खरी, पण कोंडी म्हणावी अशी नाही. रांग लांबे आणि पुन्हा सुटे. साहेबांनी काडेपेटी उचलून कोपऱ्यावर ठेवली. ती टपरी. तरी फारसा फरक पडेना. पण टपरीवरची फुली काही पुसली जात नव्हती, कारण खरी कोंडी अजून फरशीवर आलीच नव्हती, आणि जीप दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती.

आबा खांबाला टेकून उकिडवे बसले होते. ते म्हणाले, “साहेब, बैलं अशी सरळ जात न्हाईत.”

“कवड्यांनी सरळ सांगितलंय,” साहेब म्हणाले.

“कवड्यांस्नी तहान लागत न्हाई.”

आणि त्यांनी बोटानं एक चवळी उचलली, सरळ जाणाऱ्या रांगेतून काढली आणि रस्ता आडवा ओलांडून उजव्या कडेला नेऊन ठेवली. “हितं हौद हाये.”

होताच. कुणा शेठजींनी वडिलांच्या नावे बांधलेला दगडी हौद, टपरीच्या समोरच्या अंगाला. घाटावरच्या सगळ्या बैलांना तो पाठ होता. डोंगर उतरून आलेला बैल तिथं पाणी प्यायल्याशिवाय पुढं पाऊल टाकत नसे. गाडीवान झोपलेला असो, जागा असो, गाडी डावीकडून उजवीकडे रस्ता कापून हौदाला जाई आणि पाणी पिऊन तशीच परत डावीकडे येई.

साहेबांनी त्यांची साबणाची डबी आणून हौदाच्या जागी ठेवली. “आबा, चवळ्या तुम्ही चालवा.”

मी कवड्या टाकत होतो, साहेब चमचा वाजवत होते, आबा चवळ्या पाण्याला नेत होते. पाचव्या टोल्याला मुंबईकडून येणारे हरभरे थांबले. आठव्याला पुण्याकडचे. बाराव्याला वाटाणे पायरीपर्यंत आले आणि मूग खांबामागं वळून दिसेनासे झाले. अस्सल रविवार. हुबेहूब. मला तर तिथं धुराचा वास आला, आणि आला नसेल तर मी आज तो आला म्हणून सांगतोय. खानसामा दारात येऊन उभा राहिला होता. त्याची कोंबडीसुद्धा गर्दी बघून माघारी फिरली.

“बैलाला पाणी कितीदा लागतं?” साहेबांनी विचारलं.

“येताना. जाताना त्याला घर दिसतंय.”

साहेबांनी साबणाची डबी उचलली. रस्त्याच्या डाव्या अंगाला, नाक्याच्या बऱ्याच अलीकडे, जिथं जांभळाखाली रुंद जागा आहे, तिथल्या फरशीवर ठेवली. पुन्हा चमचा. चवळ्या रस्ता न ओलांडता डावीकडे सरकल्या, पाणी प्यायल्या, रांगेत आल्या. मूग चालू लागले. साहेबांनी काडेपेटी ठेवून पाहिली, काढून पाहिली. दोन्ही वेळा तेच. मग ती उचलून त्यांनी त्यातली काडी काढली आणि आबांची बिडी पेटवून दिली. इंजिनिअरसाहेबांनी मैलकुल्याची बिडी पेटवून दिलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली.

जुना अहवाल फाटला. नव्या अहवालात टपरीचं नाव नव्हतं, हौद होता. तो लिहून झाल्यावर सोमवारी सकाळी मी ओलं फडकं घेऊन गेरूची फुली पुसली. मावशीनं चहाचा ग्लास पुढं केला. चहाला साखर नेहमीएवढी होती.

नवा हौद बांधायला खात्यानं काही दिलं नाही, म्हणून मी कान्हे गावाजवळच्या मोरीच्या कामातला एक फुटका सिमेंटचा पाईप आणवला. त्याला उभा चिरून अर्धा जांभळाखाली पन्हळीसारखा उताणा बसवला, तोंडं बंद केली, आणि नळ जोडला. शेठजींचा हौद तसाच ठेवला, फक्त त्याचं पाणी तोडलं. बैलांनी हे लगेच मान्य केलं असं नाही. पंधरा दिवस ते जुन्या सवयीनं रस्ता कापून कोरड्या हौदाशी जात, आत बघत, आणि मग वळून माझ्याकडे बघत. बैल एवढं वाईट बघू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आबा रोज सकाळी जांभळाखाली उभे राहून प्रत्येक गाडीवानाला पाणी दाखवत. पंधरा दिवसांनी बैल शिकले. गाडीवानांना आणखी आठवडा लागला.

आणि नाका सुटला. रविवार येत गेले आणि गाड्या नुसत्या वाहत राहिल्या. चिक्कीवाले कुरकुरले, पण त्यांचं काही अडलं नाही, त्यांच्याकडे लोक मुद्दाम थांबत. स्वेटर पुन्हा मुलाच्या मापाचे राहू लागले. साहेब पुण्याला परत गेले ते चवळीचा डबा आणि माझ्या सहा कवड्या घेऊन. म्हणाले, आता पुण्याचे सगळे पूल आणि पेठा एका मोठ्या फरशीवर काढणार. कवड्या मी खुशीनं दिल्या. पट खेळायला घरात दुसऱ्या होत्या.

महिन्याभरानं एका संध्याकाळी कामावरून परतताना मी मावशीकडे वळलो. मनात थोडा तोरा होता, खोटं कशाला सांगू. आपण पुसलेली फुली आहे, चहा जरा मानाचा मिळेल, असं वाटत होतं. बघतो तर स्टोव्ह विझलेला, ग्लास टोपलीत भरलेले, आणि मावशी स्टुलावर चढून पत्र्याच्या दोऱ्या सोडतेय. खाली आबा पत्रा धरून उभे.

“मावशी, हे काय? टपरी राहिली ना तुमची? साहेबांनी लिहून दिलंय, कुणी हात लावणार नाही.”

“व्हय,” मावशी म्हणाली.

“मग पत्रे का उतरवताय? कुठं निघालात?”

तिनं दोरी दातात धरून गाठ सोडवली, पत्रा आबांच्या हातात दिला.

“जांभळाखाली. गाड्या आता तितं थांबत्यात.”